दोन आठवडे परदेशात जाऊन बहुसांस्कृतिक समुपदेशन शिकता येतं का?

निशिगंध
नमस्कार मंडळी. मी नागपुरात समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. विभागानं यंदा बहुसांस्कृतिक समुपदेशनाचा (म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींतल्या माणसांना समजून घेत करायच्या समुपदेशनाचा) एक छोटा अभ्यासक्रम काढलाय. आधी इथे काही वर्ग, मग दोन आठवडे सिंगापूर, परत आल्यावर अहवाल आणि तोंडी परीक्षा. दोन क्रेडिट. खर्च सव्वा ते दीड लाखाच्या घरात जाईल. बाबा म्हणाले, "पैशाचं बघू. पण तिथून आल्यावर तुला असं काय जमेल जे आज जमत नाही, ते मला सांग." मला धड उत्तर देता आलं नाही.

माझं प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा सराव) कामठी रोडकडच्या एका शाळेत चालू आहे. एका वर्गात सिंधी, बौद्ध, मुस्लिम, तेलुगू घरातली मुलं आणि बांधकामावर आलेल्या छत्तीसगढी कुटुंबांतलीही. (पुढचे तपशील बदललेत, ओळख पटू नये म्हणून.) एक मुलगी प्रत्येक उत्तराआधी दाराकडे बघते, कारण बाहेर मोठा भाऊ बसलेला असतो. पुस्तक सांगतं, एकटीशी बोला, गोपनीयता समजावून सांगा. मी समजावलं, तिनं मान डोलावली आणि परत दाराकडे बघितलं. तिच्या दृष्टीनं भाऊ बाहेर ठेवणं म्हणजे काय, हे मला कळत नाही आणि तेच शिकायचंय.

तर प्रश्न असा: अशा छोट्या दौऱ्यातून खरंच काही हाती लागतं का? कुणी गेलं असेल तर सविस्तर लिहा.

संत्राबर्फी
जा! या वयात नाही गेलीस तर पुढे संसार, नोकरी, काही ना काही आडवं येतंच.

धंतोलीकर
जाण्याआधी वेळापत्रक मागून घे. परदेशी अभ्यासदौऱ्याच्या नावाखाली सहल विकणारे पुष्कळ आहेत. माझ्या भाचीच्या कॉलेजनं असाच दौरा नेला होता (दुसऱ्या विषयाचा). सकाळी एक व्याख्यान आणि मग दिवसभर बस. काम करणाऱ्या समुपदेशकांबरोबर किती तास आणि 'शहरदर्शन' किती तास, एवढं मोज. उत्तर मिळेल.

निशिगंध
@धंतोलीकर, आत्ताच बघितलं. विद्यापीठात सहा सत्रं, दोन संस्थाभेटी, एका शाळेच्या समुपदेशन कक्षाला भेट. उरलेले चार दिवस नुसतं 'सांस्कृतिक अनुभव' असं लिहिलंय, त्यात काय ते नाही.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन बाप्पा, संस्कृती पाहाले सिंगापूरले जा लागते काय? सकाळी मोमीनपुऱ्यात चहा घे, दुपारी जरीपटक्यात सिंधी घरी जेव, संध्याकाळी इंदोऱ्यात बुद्धविहारात बस. इतवारीत हलबा कोष्टी हायेत, गड्डीगोदामात ख्रिश्चन घरं हायेत. ऑटोचं भाडं किती होईल? दीड लाख वाचले ना!

अजनी_क्वार्टर
+१. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. एका जिन्यावर तेलुगू, बंगाली, भोजपुरी आणि मराठी. कुणाच्या घरी दुःखाच्या वेळी किती मोठ्यानं रडायचं, हेसुद्धा वेगळं असायचं. ते मी दहावीच्या आत शिकले.

मोहफूल
मी गेले होते. कॉलेज वेगळं, साल वेगळं, पण सिंगापूरच. जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, तुला तिथे एकही खरं समुपदेशन सत्र बघायला मिळणार नाही आणि मिळूही नये. कुठल्या अशिलानं अनोळखी परदेशी विद्यार्थ्यांपुढे बसून आपलं मन का उघडं करावं? आमच्यातले काही जण यावरून नाराज झाले होते. मला मात्र त्या नकारातूनच त्यांची शिस्त कळली. आपल्याकडे प्रॅक्टिकमला पाच-पाच जण वहीपेन घेऊन एका खोलीत बसतात.

मग मिळतं काय? रोल-प्ले आणि त्यावर देखरेख करणाऱ्या शिक्षकांची टिप्पणी. एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. तिथली एक मलय प्रशिक्षणार्थी समुपदेशक झाली होती, मी अशील. मी नोकरी सोडून माहेरी परतायचं ठरवणारी बाई होते. मी सुरू व्हायच्या आत तिनं शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या ओढून ठेवल्या आणि विचारलं, "हा निर्णय घेताना तुमच्या मनात आणखी कोण कोण बसलेलं असतं? त्यांना इथे बसवू." मी सासूबाईंना एका खुर्चीवर बसवलं आणि दुसरीकडे बघून गप्पच झाले. दुसरीवर माझी आजी होती. भूमिका होती, पण रडू खरं आलं. शिक्षिका नंतर एवढंच म्हणाल्या की अशील एकटा येतो हे गृहीत धरणं हीसुद्धा एक संस्कृतीच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घरं. तिथे दहापैकी साधारण आठ रहिवासी सरकारी सदनिकांत राहतात आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय किती टक्के असावेत याची मर्यादा ठरवलेली आहे. शेजार सरकार जुळवतं. हे चांगलं की वाईट यावर आमच्या गटात रात्री उशिरापर्यंत भांडण झालं. पण शाळेतल्या समुपदेशकानं सांगितलं ते वेगळंच: जिन्यात रोज भेटणारी माणसंसुद्धा मनातलं बोलायला आपल्याच भाषेतला माणूस शोधतात. अधिकृत भाषा चार, इंग्रजी, मलय, मँडरिन आणि तमिळ. तरी एखाद्या मराठी किंवा बंगाली आजीबाईला त्यातली एकही पुरत नाही.

तिसरी गोष्ट स्थलांतरित मजुरांची. आमची भेट त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होती. तमिळनाडूतून आलेला एक कामगार हाताला पट्टी बांधून बसला होता. आमच्यातल्या तमिळ मुलीशी बोलताना त्यानं झोप लागत नाही असं सांगितलं. तिनं भावनांविषयी विचारलं. तो म्हणाला, आधी एजंटचं कर्ज किती उरलंय ते लिहून घ्या. मनाचं बोलायचं तर पगार, कर्ज आणि हात या तिन्हींवरून जावं लागतं, हे त्यानं आम्हाला शिकवलं, वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून माझं मत: जा, पण ते चार 'सांस्कृतिक' दिवस कामाचे करून घ्या.

धंतोलीकर
@मोहफूल, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

निळी_पहाट
धागा वाचतेय. वऱ्हाडी भाऊंशी मी असहमत आहे आणि थोडं स्पष्ट लिहिते.

"इथंच बघा की सगळं" हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण आमच्या घरात पासपोर्ट काढणारी मी पहिली. आम्हाला हे वाक्य नेहमी दार लावताना ऐकू येतं. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा त्यांनाही कुणी 'इथंच शिक' म्हणालं असेल आणि ते थांबले असते तर आज दीक्षाभूमी दिसली नसती. परदेशात माणसाला पहिल्यांदा असं वागवलं जातं की समोरच्याला तुमच्या आडनावावरून काहीच कळत नाही. तो मोकळेपणा दोन आठवड्यांचा का असेना, समुपदेशक होणाऱ्यानं अनुभवावा. मग परत येऊन अशिलाला आडनाव विचारताना त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिसायला लागतं.

आणि निशिगंध, तुला एक प्रश्न. तुमच्या अभ्यासक्रमात 'संस्कृती' म्हणजे काय काय धरलंय? धर्म, भाषा, देश असणारच. जात आहे का? इंदोऱ्यासारख्या दलित वस्तीतला मुलगा धरमपेठेसारख्या उच्चभ्रू वस्तीतल्या समुपदेशकासमोर बसतो, तेव्हा त्या खोलीत सगळ्यात मोठी सांस्कृतिक दरी तीच असते. ती अभ्यासक्रमात नसेल तर सिंगापूरचे मलय आणि चिनी शिकून काय होणार?

वऱ्हाडी_ठेचा
ताई, बरोबर हाये तुमचं. माह्या डोक्यात तो दार लावाचा मुद्दा आलाच नवता. ज्याले जाता येते त्यानं जरूर जावं. मी फक्त म्हणतो, जाऊन आल्यावर इंदोऱ्यातही जा.

निळी_पहाट
हे एकदम मान्य, भाऊ 🙂

निशिगंध
@निळी_पहाट, पुस्तिका परत वाचली. जातीचा शब्द एकदाही नाही. विचारते विभागात.

रानवारा
मी हा विषय शिकवते, म्हणून थोडी पार्श्वभूमी देते.

बहुसांस्कृतिक समुपदेशन अमेरिकेत उभं राहिलं ते तिथल्या वर्णभेदाच्या जखमेतून. गोऱ्या मध्यमवर्गीय समुपदेशकासाठी बनवलेली पद्धत कृष्णवर्णीय, आशियाई, मूळनिवासी अशिलांवर लावली की माणसं पहिल्या-दुसऱ्या भेटीनंतर येणंच बंद करतात, हे दिसत होतं. १९९२ मध्ये डेराल्ड विंग स्यू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी ३१ क्षमतांची यादी मांडली. तिचा पाया तीन गोष्टींचा: स्वतःच्या पूर्वग्रहांचं भान, अशिलाच्या जगाचं ज्ञान आणि त्याला साजेशी कौशल्यं. छोट्या दौऱ्यात ज्ञान थोडं वाढतं, कौशल्य फारसं नाही. भान मात्र वाढू शकतं, तेही कुणी रोज संध्याकाळी बसून बोलायला लावलं तर. त्यामुळे वेळापत्रकात रोजची चर्चा आणि तिला अनुभवी माणूस आहे का, हे मी सगळ्यात आधी बघीन.

मेलानी टेर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या डॉक्टरांनी १९९८ मध्ये या 'क्षमते'च्या भाषेवरच आक्षेप घेतला. दुसऱ्याची संस्कृती आपण 'आत्मसात केली' असं म्हणताच येत नाही, आयुष्यभर नम्रपणे शिकत राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. दौऱ्यावरून आलेल्यांना हे आवर्जून वाचायला देते, कारण दोन आठवड्यांत 'मला मलय लोक कळले' असं म्हणणारे नक्की असतात.

आणि मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट. पूर्वग्रहांवर त्यानं १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की नुसत्या सहवासानं पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, हेतू एक हवा, काम मिळून करायला हवं आणि वरून संस्थेचा पाठिंबा हवा. बसच्या काचेतून बघण्यात यातलं काही नाही. तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर एकच प्रकल्प मिळून करायला मिळाला तर चारही येतात. तेवढं मागून घ्या.

दाराकडे बघणाऱ्या मुलीविषयी: २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिलेत. त्यातला एक साधारण असा: तुझ्या घरच्यांना, तुझ्या लोकांना हा त्रास कशामुळे होतोय असं वाटतं? आधी त्या भावाचं मत तिच्याच तोंडून ऐक. त्याला आत बोलवायचं की बाहेर ठेवायचं, हे तिला ठरवू दे. शेवटचा प्रश्न तर निळी_पहाट यांच्या मुद्द्यावरच आहे: आपण दोघं वेगळ्या पार्श्वभूमीतून आलोय, त्यामुळे मी तुला चुकीचं समजेन अशी काळजी वाटते का?

शक्करदरा_चौक
निवृत्त मनोसामाजिक कार्यकर्ता. हे अवांतर वाटेल, पण नाही.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. १८९२ मध्ये तिथे ताजुद्दीन बाबांना वेडे म्हणून ठेवलं होतं. इस्पितळातच लोक त्यांच्या दर्शनाला यायला लागले आणि १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले त्यांना शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात घेऊन आले. आज ताजबागेत, त्यांच्या दर्ग्यावर, उर्साला सगळ्या धर्मांची माणसं येतात. एकच माणूस, एका जागी रुग्ण आणि दुसऱ्या जागी अवलिया. नागपूरच्या माणसाला संस्कृती आणि मानसिक आरोग्य यांचं नातं शिकवायला याहून मोठा धडा कुठला असेल?

माझ्या नोकरीत बरेच नातेवाईक आधी दर्ग्यावर किंवा भगताकडे जाऊन मग आमच्याकडे यायचे. नवीन मुलं त्यांना रागवायची. मी विचारायचो, तिथे गेल्यावर किती बरं वाटलं? कुणी म्हणायचं दोन रात्री झोप लागली. मग आपण त्या दोन रात्रींवरून पुढे जायचं. गोळी सुरू राहील, दर्गाही सुरू राहील. ज्यांना रागावलं, ते परत आलेच नाहीत, आणि त्यांचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं.

अजनी_क्वार्टर
काका, फार मोलाचं लिहिलंत. वेगळा धागा काढा यावर.

संत्राबर्फी
+१ काकांना. आणि निशिगंध, तिथे जेवणाची चिंता करू नकोस. भारतीय जेवण जागोजागी मिळतं. फक्त सावजीची सवय असेल तर तिखट घरून ने!

वैनगंगा
सिंगापूरच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. नेपाळ का नको? व्हिसा लागत नाही, खर्च कितीतरी कमी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर तिथे मनोसामाजिक समुपदेशकांनी गावोगावी काम केलं, धामी-झाँक्रींना (तिथले पारंपरिक भगत) विश्वासात घेऊनही. डोंगरातली गावं, कमी माणसं, कमी पैसा, हे आपल्या गडचिरोली-गोंदियाशी जास्त जुळतं. तेही नको तर अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉरग्येलिंगची तिबेटी वसाहत आहे. ५० वर्षांहून जास्त काळ निर्वासित म्हणून राहिलेली माणसं आपल्या विदर्भातच आहेत.

मोहफूल
नेपाळचा मुद्दा पटला. पण वसाहतीत परवानगीशिवाय आणि नुसतं 'बघायला' जाऊ नये. ती त्यांची घरं आहेत.

वैनगंगा
अर्थात. आधी वसाहतीच्या कार्यालयाशी बोलूनच.

अंबानगरी
अमरावतीहून. समुपदेशन म्हटलं की सगळे पदवीवाल्यांचंच बोलतात. आमच्या जिल्ह्यातल्या ३० गावांत 'संगथ' या संस्थेच्या पुढाकारानं विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्यावर प्राथमिक समुपदेशन केलं. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के. तसाच झिंबाब्वेतला फ्रेंडशिप बेंच. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये सुरू केला. दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून प्रशिक्षित आज्या ऐकून घेतात. शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव माहीत असलेला माणूस लागतो समोर. दौऱ्यात असं काही दाखवत असतील तर पैसे वसूल.

जरीपटक्याचा
व्यावहारिक प्रश्न. या प्रमाणपत्रानं नोकरी मिळेल का?

रानवारा
थेट नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते, तिथे हे दोन क्रेडिट कामाचे नाहीत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पूर्ण पदवीसाठी असते, अशा दौऱ्यासाठी नाही. त्या भरवशावर कुणी पैसे भरू नयेत.

धंतोलीकर
एक मुद्दा सुटतोय. तिथला कायदाही समजून घ्या. आत्महत्येचा प्रयत्न सिंगापुरात १ जानेवारी २०२० पासून गुन्हा राहिला नाही. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या ११५ व्या कलमानं असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. पोलिसांची भीती असली की घरचे इस्पितळातसुद्धा 'पडला' म्हणून सांगतात. भीती गेली की खरं बोलायला किती काळ लागतो, हे तिथल्या समुपदेशकांना विचारा. आपल्याला उपयोगी पडेल.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे धाग्यावर आले नाही, कारण विभागात बोलणी चालू होती.

आम्ही काही जणी मिळून सरांना भेटलो. मागण्या लेखी नेल्या: रोज संध्याकाळी चर्चा, तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर एक प्रकल्प, चार मोकळ्या दिवसांपैकी दोन संस्थांमध्ये, फी हप्त्यानं आणि जायच्या आधी नागपुरातच तीन भेटी. चर्चा आणि प्रकल्प मान्य झाले. दोनऐवजी एकच दिवस मिळाला. हप्ते मान्य नाहीत, त्यामुळे आमच्यातली एक येऊ शकणार नाही आणि त्याचं मला फार लागलंय. सर म्हणाले, वरिष्ठांकडे पुन्हा पाठवू. जातीच्या विषयावर आधी "तो समाजशास्त्राचा भाग" असं उत्तर आलं. आम्ही रानवारा ताईंनी लिहिलेला शेवटचा प्रश्न वाचून दाखवला. आता एक सत्र ठेवलंय, वक्ता ठरायचाय.

बाबांना मी उत्तर दिलं. म्हटलं, तिथून आल्यावर मला सगळं जमेल असं नाही. पण समोरचा दाराकडे बघतो तेव्हा त्याला दारापासून तोडायची घाई मी करणार नाही, आणि हे माझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या चार वेगळ्या माणसांकडून तपासून घ्यायचंय. ते म्हणाले, भर पैसे.

आणि त्या मुलीला मी विचारलं, भावाला काय वाटतं. ती पहिल्यांदा सलग बोलली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. भावाला आत बोलवायचं नाही, पण दार थोडं उघडं ठेवायचं, असं तिनं ठरवलं.

शक्करदरा_चौक
शाब्बास, बेटा. नागपुरातल्या तीन भेटींपैकी एक ताजबागेची ठेवा, मी बरोबर येईन. गुरुवारी नको, गर्दी असते.

निळी_पहाट
हप्त्यांच्या अर्जावर आमच्या माजी विद्यार्थ्यांच्याही सह्या देते. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आणि वक्ता अजून ठरला नसेल तर दोन नावं सुचवते, दोघंही समुपदेशन करतात आणि या विषयावर बोलतात.

निशिगंध
व्यनि केलाय. काका, बुधवारी सकाळी दहा चालेल?

शक्करदरा_चौक
चालेल. मोठ्या दरवाज्याशी थांबतो.